इंजिनाला समुद्राचा गारवा हवा, मीठ नको

मासेमारी नौकेचे इंजिन सुरू झाले की जाणता तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, आधी बाहेर वाकून नौकेच्या कुशीतून पाण्याची धार पडते आहे ना, हे पाहतो. काही नौकांत हे पाणी वेगळ्या नळीने पडते, काहींत ते धुराच्या नळीतूनच धुराबरोबर फेकले जाते. धार बारीक झाली असेल, तर तापमानाचा काटा वर चढण्याच्या कितीतरी आधी ती धोक्याची सूचना देते. शिवाय काट्यावर सर्वस्वी विसंबणे योग्य नाही, कारण इंजिनातले पाणी गळून गेले आणि तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडला, तर काटा खोटी ग्वाही देऊ शकतो.

डिझेल जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश नौका पुढे ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत पोहोचते, साधारण तितकीच धुरावाटे निघून जाते आणि उरलेली बहुतांश उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. शंभर अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोराने चालत असताना त्याच्या पाण्यात सुमारे ६० किलोवॉट उष्णता उतरते असे धरले आणि समुद्राचे पाणी आत शिरून बाहेर पडेपर्यंत १५ अंश सेल्सिअसने तापू द्यायचे ठरवले, तर मिनिटाला सुमारे ६० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या चार बादल्या पाणी इंजिनापाशी सतत पोहोचायला हवे.

नौका पाण्यातच तरंगत असल्याने हेच पाणी थेट इंजिनात का फिरवू नये, असे कोणालाही वाटेल. काही लहान इंजिनांत ते तसे फिरवतातही, पण त्याची किंमत मोजावी लागते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले बरेचसे क्षार तापल्यावरही मुकाट्याने विरघळलेले राहतात. मात्र कॅल्शियमच्या क्षारांची रीत निराळी आहे. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, तर कॅल्शियम सल्फेट आणि कॅल्शियम कार्बोनेट पाणी तापेल तसे कमी विरघळतात, आणि म्हणून जिथे धातू सर्वांत तप्त असतो नेमके तिथेच त्यांचे कठीण कवच धरते. आंघोळीच्या बंबात किंवा गीझरमध्ये आपण पाहतो तसलाच हा पांढरा थर. लोखंडाच्या तुलनेत तो उष्णता फारच कमी पुढे जाऊ देतो, त्यामुळे धातू आणखी तापतो आणि थर आणखी वाढतो. याच कारणाने थेट समुद्राच्या पाण्यावर चालणारी इंजिने ६० अंशांच्या आसपास ठेवावी लागतात, जरी डिझेल इंजिनाला ८० ते ९० अंशांवर चालणे अधिक मानवते.

त्यावरचा उपाय म्हणजे पाण्याची दोन चक्रे. इंजिनाच्या आत गोडे पाणी आणि गंजरोधक कुलंट यांचे मिश्रण बंदिस्त फिरते. समुद्राचे पाणी फक्त हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांपर्यंत येते, नळ्यांच्या भिंतीतून उष्णता घेते आणि परत समुद्रात जाते. बंदिस्त चक्राचे झाकण प्रेशर कुकरसारखे दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी १०० अंशांनाही उकळत नाही. गरम इंजिनाचे हे झाकण उघडल्यास दाब एकदम उतरतो, पाणी क्षणात उकळून उसळते आणि तोंड-हात गंभीर भाजतात. ते थंड झाल्यावरच उघडावे, याबाबत कोणतीही घाई क्षम्य नाही.

माझ्या मते देखभालीचा मोठा भाग समुद्राच्या पाण्याची वाट मोकळी ठेवण्यातच आहे. तळाच्या व्हॉल्व्हमधून आलेले पाणी गाळणीतून पंपाकडे जाते. प्लॅस्टिकची एक पिशवी, जेलीफिश किंवा खाडीतला गाळ ही वाट बंद करायला पुरेसा असतो. पंपात बहुधा रबरी पाकळ्यांचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे फिरते चाक, असतो. त्याला वंगण मिळते ते पाण्याचेच, त्यामुळे पाणी तुटल्यावर पाकळ्या थोड्याच वेळात जळून तुटतात. नवा इम्पेलर बसवताना जुन्याच्या पाकळ्या मोजाव्यात. एखादी कमी भरली, तर तिचा तुकडा पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असण्याचा संभव असतो आणि तो काढल्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही.

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांची जणू बॅटरी बनते आणि अधिक क्रियाशील धातू झिजतो. तांबे-निकेलच्या नळ्या आणि लोखंडी भाग यांच्या सहवासात लोखंडाचा बळी जाऊ नये, म्हणून तिथे जस्ताची कांडी बसवतात आणि ती स्वतः झिजत राहते. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळावरील तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये हेच तत्त्व सुचवले होते. कांडी निम्मी उरली की बदलावी. तिला रंग कधीही लावू नये, कारण रंगाखालचे जस्त झिजू शकत नाही आणि मग झीज इंजिनाच्या वाट्याला येते.

कोकणातल्या यांत्रिक नौका १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत उभ्या असतात. या काळात नळ्यांत साचून राहिलेले खारे पाणी धातू कुरतडते. म्हणून बंदी लागताच समुद्राच्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुऊन रिकामी करावी आणि इम्पेलर काढून ठेवावा, नाहीतर एकाच जागी दबून राहिलेल्या पाकळ्या वाकड्याच राहतात. बंदी उठल्यावर इम्पेलर बसवून व्हॉल्व्ह उघडावा आणि मगच इंजिन सुरू करावे. धुराच्या नळीतून पाणी सोडणारे इंजिन मात्र बराच वेळ स्टार्टर मारूनही सुरू होत नसेल, तर व्हॉल्व्ह तात्पुरता बंद करावा, कारण पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो आणि साचलेले पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरू शकते. इंजिनाने पेट घेताच तोच व्हॉल्व्ह विनाविलंब उघडून धार पडते आहे ना, हे पाहावे.