मातीचं छोटं धरण फुटतं कुठून?

मातीचं छोटं धरण बघितलं की पहिला प्रश्न हाच पडतो की एवढं पाणी ही नुसती माती अडवते कशी, पाणी तिला ढकलून का देत नाही? पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतो, मागे तलाव शंभर मीटर पसरलाय की दोन किलोमीटर याच्याशी भिंतीला काही देणंघेणं नसतं. 6 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला साधारण 6 टन, आणि तेही फक्त तळाशी. समोर भराव असतो तो तळाला तीस-पस्तीस मीटर रुंद, त्यामुळे अख्खी भिंत सरकली असं सहसा होत नाही. मातीची धरणं बहुतेक वेळा फुटतात ती पाण्याला वाट सापडली म्हणून, एकतर आतून नाहीतर वरून.

आधी आतून. पाझर प्रत्येक मातीच्या धरणात असतोच, मधे चिकणमातीचा गाभा भरलेला असला तरी थोडं पाणी झिरपून खालच्या बाजूला पायथ्याशी निघतं. ते स्वच्छ आणि रोज तेवढंच असेल तर ठीक आहे. गढूळ आलं तर मात्र पळायचं, कारण गढूळ म्हणजे पाणी धरणाची मातीच सोबत घेऊन येतंय. आणि गंमत अशी की हे भोक पडायला सुरुवात बऱ्याचदा पाण्याच्या बाजूने नाही तर खालच्या बाजूने होते, जिथे पाणी बाहेर पडतं तिथले कण आधी सुटतात, मग त्यांच्या मागचे, असं करत करत बोगदा तलावाकडे मागे मागे सरकतो. तो एकदा पाण्याला जाऊन भिडला की उरतात काही तास, कधी तेवढेही नाही.

अशी वाट सापडायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे धरणाच्या पोटातून जाणारा पाइप. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात लॉन लेक नावाचं धरण होतं, 1903 मध्ये शेतकऱ्यांच्या सिंचन कंपनीने बांधलेलं, खाजगी, जेमतेम 8 मीटर उंच. आतला विमोचक पाइप, म्हणजे तलावातलं पाणी हवं तेव्हा खाली सोडायचा पाइप, आणि व्हॉल्व्ह यांच्या जोडात शिसं भरलेलं होतं, ते इतक्या वर्षांत खराब झालं, तिथून लीक सुरू झालं आणि त्या पाण्याने आतल्या आत भराव पोखरला. 15 जुलै 1982 च्या पहाटे धरण गेलं. साठा होता साधारण 8 लाख घनमीटर, मोठ्या धरणांच्या हिशोबात किरकोळच, पण उतार इतका तीव्र की पाण्याने 400 टनांहून जड शिळा हलवल्या, तीन माणसं गेली आणि खाली एस्टेस पार्क गावाच्या बाजारपेठेत पाणी आणि चिखल घुसला. एका जोडातलं शिसं, बस्स.

पाइपच का, तर त्याच्या पोटाखाली माती नीट ठोकता येत नाही. रोलर तिथे पोचत नाही, हाताने धुमसून भरावं लागतं, आणि काम संपत आलं असताना ते कोण मनापासून करतं! शिवाय माती बसते, पाइप बसत नाही, मग दोघांच्या मधे केसाएवढी फट राहते. पूर्वी यावर उपाय म्हणून पाइपभोवती काँक्रीटच्या कॉलर घालायचे, म्हणजे पाण्याला वळसा पडेल. ऐकायला छान, पण त्या कॉलरच्या कोपऱ्यांत माती अजूनच नीट दबत नाही. म्हणून आता पाइपच्या खालच्या टोकाकडे वाळूचा फिल्टर घालतात. तो चहाच्या गाळणीसारखं काम करतो, पाणी जाऊ देतो पण मातीचे कण धरून ठेवतो. वाळू किती बारीक हवी हे धरणाच्या मातीवरून ठरतं, आणि त्या हिशोबाचा पाया कार्ल टेर्झागी या इंजिनिअरने 1920 च्या दशकात घातला. माझ्या मते छोट्या धरणात सर्वात स्वस्तात मिळणारा विमा हाच, आणि नेमका तोच वाचवला जातो.

आता वरून. काँक्रीटच्या धरणावरून थोडा वेळ पाणी गेलं तरी चालून जातं, मातीच्या धरणावरून गेलं तर खालचा उतार कापला जातो, तो कापत कापत माथ्यापर्यंत येतो आणि खिंडार पडतं. म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाजूने निघून जायची वाट, लागतो, आणि तो भरावात नाही तर बाजूच्या मूळ घट्ट जमिनीत खोदलेला असावा लागतो. अडचण अशी की सांडवा वर्षानुवर्षं कोरडाच दिसतो, मग मालकाला वाटतं जागा फुकट चालली आहे, कुणी तिथून रस्ता काढतो, कुणी मासे निसटू नयेत म्हणून जाळी लावतो आणि त्या जाळीत पहिल्याच पुरात पालापाचोळा अडकतो. हवाईमध्ये काउआई बेटावरचं का लोको हे जुनं खाजगी मातीचं धरण 14 मार्च 2006 ला कित्येक दिवसांच्या पावसानंतर फुटलं, सात जणांचा मृत्यू झाला, आणि सांडवा बहुधा आधीच बुजवला गेला होता असं चौकशीत पुढे आलं.

झाडांचंही तेच. भरावावर मोठी झाडं उभी असली की लोकांना वाटतं मुळं माती धरून ठेवतात. गवत धरतं, झाड नाही. झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्या जागी आयती नळी तयार होते, वादळात उन्मळलं तर भरावाचा मोठा गोळाच घेऊन जातं. घुशीची बिळं गवत वाढलेलं असलं की दिसतही नाहीत, म्हणून गवत कापलेलं हवं. मोठं झाड आधीच असेल तर मात्र नुसतं तोडून बुंधा तसाच ठेवू नका, मुळं काढून तो खड्डा थराथराने माती ठोकून भरावा लागतो, आणि हे तलावाची पातळी उतरवून, जाणकाराला विचारून.

पातळी उतरवतानाही घाई नको. भरावाच्या आत मुरलेलं पाणी तलावाच्या वेगाने बाहेर येत नाही, बाहेरचा आधार गेला आणि माती अजून ओली-जड, अशा वेळी पाण्याकडचा उतारच घसरून खाली येतो. एरवी दिवसाला फूटभर इतपत वेग धरतात. पण पायथ्याशी गढूळ पाणी यायला लागलं असेल तर हा हिशोब बाजूला, तेव्हा आधी खालच्या घरांना उठवायचं आणि मिळेल त्या मार्गाने पाणी कमी करायला लागायचं.