म्यू की एम? पत्र्याच्या घर्षणातला जुना घोळ

वागळे इस्टेट घ्या नाहीतर महापे-रबाळे, डीप ड्रॉइंगचा (सपाट पत्रा साच्यात ओढून भांड्यासारखा आकार देण्याचा) सिम्युलेशन रिपोर्ट उघडला की एक ओळ हमखास दिसते: ‘फ्रिक्शन 0.12’. कसलं 0.12? म्यू की एम? विचारलं की उत्तर ठरलेलं: “एकच हो ते, 1.73 ने गुणलं की झालं.”

नाही होत.

म्यू डिप्लोमापासून पाठ असतो: घर्षणाचा ताण म्हणजे म्यू गुणिले दाब. एम हा फोर्जिंगवाल्यांचा (धातूचा ठोकळा दाबून आकार देणाऱ्यांचा) शिअर फॅक्टर, शून्य ते एकमधला. त्यात घर्षणाचा ताण म्हणजे एम गुणिले धातूची शिअर ताकद (ज्या ताणाला धातू आतून सरकतो तो). गोम इथेच आहे. या दुसऱ्या सूत्रात दाब कुठेच येत नाही.

आकडे घालून बघा. पत्र्याचं यील्ड (ज्या ताणाला पत्र्याचा आकार कायमचा बदलायला लागतो तो) 180 मेगापास्कल, म्हणजे शिअर ताकद, यील्ड भागिले 1.73, सुमारे 104. ब्लँक होल्डरचा, म्हणजे पत्र्याची कड दाबून धरणाऱ्या रिंगचा, दाब 3. म्यू 0.12 धरला तर घर्षणाचा ताण 0.36 मेगापास्कल. एम 0.12 धरला तर साडेबारा. जवळजवळ 35 पट! पत्रा 1 मिमी जाड आणि सरळ कडेची फ्लँज (होल्डरखाली दाबलेला भाग) 50 मिमी असेल, तर दोन्ही बाजूंच्या घर्षणामुळे पत्र्यात येणारी ओढ पहिल्या हिशोबात 36 मेगापास्कल, दुसऱ्यात 1250 च्या घरात. स्क्रीनवर पत्रा फाटणारच, आणि मग कुणीतरी चांगल्या डायची (साच्याची) रेडियस घासायला घेणार. वर कुशनचा (होल्डरला रेटणाऱ्या भागाचा) दाब दुप्पट केला तरी एमच्या मॉडेलमध्ये घर्षण तसूभरही हलत नाही. प्रेसवरचा हेल्परसुद्धा हसेल यावर.

असं का, तर पत्रा आणि डाय एकमेकांना फक्त सूक्ष्म उंचवट्यांवर टेकतात. दाब वाढला की टेकलेली जागा वाढते, तिच्याबरोबर घर्षण. फोर्जिंगमध्ये दाब इतका की उंचवटे चेपून जवळपास सगळा पृष्ठभाग टेकलेला असतो; आणखी दाबून जागा वाढायची कुठून? तिथे म्यूचं सूत्र धातूच्या शिअर ताकदीपेक्षा जास्त घर्षण दाखवायला लागतं, जे अशक्य आहे, कारण त्याआधी धातूच आतून सरकतो. म्हणून तिथे एम योग्य.

आणि ते 1.73? दाब यील्डइतका असेल तेव्हाच लागू पडतं. आपल्याकडे 180 समोर 3. या उदाहरणात म्यू 0.12 ला जुळणारा एम 0.21 नाही, 0.0035 आहे. हे रूपांतर डोळे मिटून वापरणाऱ्यांपुढे मी तरी हात टेकलेत.

मोजणीही वेगळी. पत्र्यासाठी स्ट्रिप टेस्ट: पट्टी दोन सपाट डायमध्ये दाबून ओढायची, ओढीचं बल भागिले दाबाच्या बलाची दुप्पट, की म्यू. एमसाठी रिंग टेस्ट: कडी चेपायची आणि आतलं भोक किती आवळतं ते बघायचं. रिंग टेस्टचा आकडा ब्लँक होल्डरखाली घालू नका, ऑइल तेच असलं तरी.

अपवाद आयर्निंगचा. भिंत पातळ करताना दाब यील्डच्या आसपास जातो, तिथे एम चालतो.

म्यूसुद्धा दाब, वेग, तापमानाने बदलतो, पण तो पुढचा विषय. आधी रिपोर्टात अक्षर लिहा, शेजारी टेस्ट आणि ती कुठल्या दाबाला घेतली ते. ‘फ्रिक्शन 0.12’ एवढंच असलेला रिपोर्ट मी परत पाठवतो.