डॉक्सोरुबिसिन आणि लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन: रंग एक, वाट वेगळी

केमोथेरपीच्या औषधांमध्ये नावावरून आणि रूपावरून सर्वांत सहज गफलत होईल अशी जोडी म्हणजे साधे डॉक्सोरुबिसिन आणि पेगिलेटेड लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन. ५० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या शेजारी ठेवल्या, तर दोन्हींत औषध तेच, दोन्हींत दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम आणि दोन्हींचा रंग लाल. उजेडासमोर धरल्यावर मात्र फरक दिसतो. साध्या औषधाचा द्राव नितळ, आरपार दिसणारा असतो, तर लायपोसोमल औषध किंचित धूसर दिसते, कारण त्यात औषध विरघळलेले नसून लायपोसोम म्हणवल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म गोळ्यांच्या पोटात भरलेले असते. हा धूसरपणा म्हणजे औषधातला दोष नव्हे. दोन औषधांतला सगळा फरक त्या गोळ्यांत आहे.

साधे डॉक्सोरुबिसिन मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातील जिवाणूपासून मिळाले, इटलीतील संशोधकांनी एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ॲड्रियामायसिन असे नाव दिले आणि अमेरिकेत १९७४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते पेशीच्या डीएनएमध्ये शिरते आणि डीएनएची गुंतागुंत सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज नावाच्या विकराला अडकवून ठेवते, त्यामुळे वेगाने वाढणारी पेशी मरते. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, सार्कोमा अशा अनेक आजारांत ते आजही पहिल्या फळीचे औषध आहे. शिरेत गेल्यावर मात्र ते रक्तात रेंगाळत नाही. काही मिनिटांतच ते रक्त सोडून शरीरभरच्या ऊतकांत मुरते, आणि त्या ऊतकांत हृदयाचा स्नायूही आला.

हृदयाची ही हानी मात्रेगणिक साठत जाते. म्हणूनच आयुष्यभराच्या एकूण मात्रेला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली जाते, आणि उपचाराआधी व उपचार चालू असताना टूडी इको करून हृदयाची पंप करण्याची क्षमता पाहिली जाते. औषध शिरेबाहेर झिरपले तर तिथली त्वचा आणि खालचे मांस सडू शकते, त्यामुळे ते देताना परिचारिका सुईच्या जागेवरून नजर हलवत नाहीत.

लायपोसोमल रूपाचा जन्म या त्रासातून झाला. जेरुसलेममधील येहेझकेल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गाबिझोन यांच्या संशोधनातून ते साकारले आणि १९९५ मध्ये अमेरिकेत डॉक्सिल या नावाने मान्यता पावले; नॅनो आकाराचे मान्यताप्राप्त औषध म्हणून ते पहिले गणले जाते. यातली प्रत्येक गोळी साधारण ८० ते १०० नॅनोमीटर व्यासाची, स्निग्ध पदार्थाच्या दुहेरी थराची असते. आत औषध भरण्याची युक्ती मोठी हुशारीची आहे. आधी गोळीच्या पोटात अमोनियम सल्फेटचा द्राव ठेवतात, मग बाहेरून डॉक्सोरुबिसिन सोडतात. ते भिंत ओलांडून आत जाते, सल्फेटशी बांधले जाऊन त्याचे स्फटिक बनतात आणि त्याला परतीची वाट उरत नाही. एकेका गोळीत औषधाचे दहा हजारांहून अधिक रेणू मावतात. वरून पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्यांचे आवरण असते (‘पेगिलेटेड’ म्हणजे हेच), त्यामुळे यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींना ही गोळी लवकर ओळखता येत नाही. परिणामी हे औषध रक्तातच राहते, आणि त्याची पातळी निम्म्यावर यायला दोन दिवसांहून अधिक काळ लागतो.

गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने वाढलेल्या असल्याने त्यांच्या भिंतींना फटी असतात, आणि निरोगी हृदयातल्या केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. गोळी फटीतून गाठीत झिरपावी आणि हृदयात शिरू नये, हा त्यामागचा हिशेब. गाठींचा हा गुण जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडला, आणि पुढची कित्येक वर्षे नॅनोऔषधांची सगळी भिस्त त्यावर होती.

हिशेबाचा दुसरा भाग बऱ्यापैकी खरा ठरला. पहिल्याबद्दल मात्र गाजावाजाच अधिक झाला, असे माझे मत आहे. प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की, टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण जेमतेम ०.७ टक्के होते. माणसांतला पुरावाही याच दिशेचा आहे. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ५०९ स्त्रियांमध्ये दोन्ही औषधांची थेट तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार आटोक्यात राहण्याचा काळ लायपोसोमल गटात ६.९ महिने, तर साध्या औषधाच्या गटात ७.८ महिने होता. एकूण आयुष्यमान अनुक्रमे २१ आणि २२ महिने. म्हणजे परिणाम जवळजवळ सारखाच. हृदयाला इजा होण्याचा धोका मात्र साध्या औषधाने तिपटीहून अधिक होता. महागडे नवे औषध म्हणजे जास्त जालीम औषध, ही समजूत इथे लागू पडत नाही; जास्तीचे पैसे मुख्यतः हृदयाच्या सुरक्षिततेसाठी मोजलेले असतात.

ही सुरक्षितताही फुकट मिळत नाही. त्याच तुलनेत केस गळण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले, पण तळहात-तळपाय लाल होऊन दुखणे, सुजणे आणि सोलणे हा त्रास २ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. दीर्घकाळ रक्तात फिरणाऱ्या गोळ्या त्वचेच्या केशवाहिन्यांतून झिरपतात, आणि जिथे दाब, उष्णता किंवा घर्षण असते तिथे अधिक. त्यामुळे कढत पाण्याने अंघोळ, घट्ट चपला, कपडे पिळणे, गरम तव्याजवळ बसून भाकऱ्या थापणे ही कामे औषधानंतरचे काही दिवस टाळलेली बरी. आपल्याकडच्या बाईला हे सांगणे सोपे आणि पाळायला लावणे अवघड, पण त्रास वाढला तर मात्रा कमी करावी लागते किंवा औषधाची पुढची फेरी लांबवावी लागते.

देण्याची पद्धतही वेगळी आहे. साधे औषध वाहत्या सलाईनमधून काही मिनिटांत देता येते. लायपोसोमल औषध सलाईनमध्ये मिसळत नाहीत. ते फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पातळ करतात, मार्गात फिल्टर लावत नाहीत आणि पहिल्या वेळी मिनिटाला १ मिलिग्रॅम इतक्या सावकाश सुरू करतात. कारण काही रुग्णांना पहिल्याच मात्रेच्या सुरुवातीला चेहरा लाल होणे, धाप लागणे, पाठ किंवा छाती आवळल्यासारखी वाटणे असा त्रास होतो. ठिबक थांबवल्यावर तो बहुधा ओसरतो.

मात्रांचे गणित तर अजिबात अदलाबदल करण्याजोगे नाही. स्तनकर्करोगात साधे औषध चौरस मीटरमागे ६० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी देतात. अंडाशयाच्या परतलेल्या कर्करोगात लायपोसोमल औषध ४० ते ५० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी. पहिल्याच्या हिशेबाने दुसरे दिले गेले, तर तोंड सोलवटणे आणि पांढऱ्या पेशी घसरणे जीवघेणे ठरू शकते. अशा चुका घडल्यामुळेच अमेरिकेतील माहितीपत्रकात ठळक इशारा छापावा लागला. युरोपात मायोसेट नावाचे तिसरे रूपही मिळते. ते लायपोसोमल असले तरी पेगिलेटेड नाही, आणि त्याची मात्रा साध्या औषधाच्या जवळ जाणारी आहे. म्हणून २०१९ मध्ये तिथल्या नियामकांनी ‘लायपोसोमल’ आणि ‘पेगिलेटेड लायपोसोमल’ हे शब्द ब्रँडच्या नावातच घालायला लावले.

अशा गोळ्यांची नक्कल करणेही सोपे नाही, कारण रेणू तोच असून भागत नाही; गोळीचा आकार, आवरण आणि आतले स्फटिकसुद्धा जुळावे लागतात. २०११ मध्ये उत्पादन अडून अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या नियामकांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स तात्पुरते आयात करू दिले, आणि वर्षभराने त्याच कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मान्यता मिळाली.

रुग्णालय बदलताना या सगळ्याचा उपयोग फाइलमधल्या एका नोंदीपुरता येतो. आधी घेतलेले डॉक्सोरुबिसिन कोणत्या रूपाचे होते आणि आजवर एकूण किती मिलिग्रॅम झाले, हे नव्या डॉक्टरांना कळले पाहिजे, कारण लायपोसोमल रूप हृदयाला सौम्य असले तरी पूर्वीच्या साध्या औषधाची मात्रा हिशेबातून वजा होत नाही.