वेल्डिंग होल्डरचा उघडा जबडा : ‘फुल इन्सुलेटेड’ या शब्दामागची पार्श्वभूमी

हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगचा होल्डर, म्हणजे रॉड पकडायचा मूठ-जबड्याचा चिमटा, मागितला की काउंटरवरून दोन प्रश्न येतात. किती अँपचा? आणि फुल इन्सुलेटेड की सेमी? गिऱ्हाईक दोन्ही उत्तरं झटक्यात देतं. ‘चारशेचा द्या, फुल नको, तो लवकर तुटतो.’ एवढ्या एका वाक्यात साठ-सत्तर वर्षांचा वाद भरलेला आहे. हे टिपण मुख्यतः त्या ‘फुल’बद्दल, म्हणजे मुठीसोबत पुढचा जबडाही वीज न वाहणाऱ्या टोपीने झाकलेल्या होल्डरबद्दल आहे. अँपचं प्रकरण ओघात येईल.

सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकतो. १८८० च्या दशकात कार्बनच्या कांडीने आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, पेटवून लोखंड जोडायची पद्धत युरोपात आली आणि १८८५ ते १८८७ दरम्यान तिला ब्रिटन व अमेरिकेत पेटंटं मिळाली. त्या काळच्या होल्डरचं काम सोपं होतं. कार्बनची कांडी हळूहळू झिजते, त्यामुळे ती स्क्रूने आवळून ठेवली तरी चालत असे. करंट मात्र दांडगा आणि आर्कची धग मोठी, म्हणून कार्बनच्या होल्डरांची मूठ लांब ठेवत आणि कित्येकांना मुठीपुढे पत्र्याची गोल तबकडी लावत. शॉकपेक्षा भाजण्याची धास्ती जास्त होती, आणि होल्डरच्या घडणीत ती दिसते.

१८८८ ते १८९० या काळात रशियात आणि अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कार्बनऐवजी धातूचा रॉड वापरायची कल्पना पुढे आली. रॉड स्वतःच वितळून जोडात जाणार म्हटल्यावर होल्डरचं सगळं गणित फिरलं. आजचा दहा नंबर जाडीचा रॉड मिनिट-दीड मिनिटात संपतो. म्हणजे दिवसभरात शेकडो वेळा थोटूक काढायचं आणि नवा रॉड लावायचा. इथे स्क्रू आवळत बसणारा होल्डर कुचकामी. स्प्रिंगचा, खटका दाबताच उघडणारा जबडा आला तो या घाईतून. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनमधल्या गोथेनबर्गला लेप दिलेल्या रॉडचं पेटंट झालं आणि आणखी एक गोष्ट ठरून गेली. लेपातून वीज जात नाही, तेव्हा रॉडचं एक टोक उघडं ठेवायचं आणि जबड्याने नेमकं तेच पकडायचं. जबड्यातल्या खाचा, त्यांचे सरळ आणि तिरके कोन, हे सगळं त्या इंचभर उघड्या टोकाभोवती घडत गेलं.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, न्यूयॉर्क बंदरात अडकलेल्या जर्मन जहाजांची इंजिनं त्यांच्याच खलाशांनी फोडून ठेवली होती. ती वेल्डिंगने सांधली गेली आणि तिथून या धंद्याला प्रतिष्ठा मिळाली. १९२० मध्ये ब्रिटनमध्ये पूर्ण वेल्डिंग केलेलं पहिलं समुद्रगामी जहाज पाण्यात उतरलं. पण होल्डरच्या दृष्टीने खरा बदल दुसऱ्या महायुद्धात झाला. १९४१ ते १९४५ दरम्यान अमेरिकेने लिबर्टी जातीची २,७१० मालवाहू जहाजं बांधली, तीही मुख्यतः वेल्डिंगने. आदल्या वर्षापर्यंत वेल्डिंग न पाहिलेली हजारो माणसं, त्यांत बायकाही बऱ्याच, हातात होल्डर धरून लोखंडी टाक्यांत, दुहेरी तळाच्या खणांत, अंधारात, घामाने ओलेचिंब होऊन काम करू लागली. वेल्डिंगच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेत १९४४ मध्ये जे मानक निघालं ते ‘युद्धकालीन मानक’ म्हणूनच निघालं. होल्डरकडे विजेचं उपकरण म्हणून नीट पाहायची सवय साधारण इथपासून लागली.

आता मूळ मुद्दा. वेल्डिंग चालू असताना रॉड आणि जॉब (ज्यावर काम चाललंय ते लोखंड) यांच्यामध्ये साधारण २० ते ३० व्होल्ट असतात. धोका त्या वेळी कमी असतो. आर्क तुटला, हात थांबला, की मशीन आपल्या पूर्ण ‘ओपन सर्किट’ व्होल्टेजवर, म्हणजे करंट वाहत नसतानाच्या व्होल्टेजवर, जातं. एसी मशीनला ते ७०-८० व्होल्ट असू शकतं. म्हणजे वेल्डर काम करत नसतो तेव्हा होल्डर जास्त धोकादायक असतो. वेल्डर रॉड बदलतो तोही नेमका त्याच वेळी. एक हात मुठीवर, दुसरा जबड्यापाशी, गुडघा किंवा पाठ लोखंडाला टेकलेली, हातमोजे घामाने भिजलेले. मूठ कितीही चांगली झाकलेली असली तरी या क्षणी तिचा फारसा उपयोग नाही. बोटं जबड्याजवळ असतात.

आणि वाद नेमका जबड्याचाच होता. मूठ झाकली पाहिजे यावर कुणाचंच दुमत नव्हतं. लाकूड झालं, दाबलेल्या कागदाचं फायबर झालं, बेकेलाइट झालं, पुढे काचतंतू मिसळलेलं नायलॉन आलं. पण पुढचा तांब्या-पितळेचा जबडा झाकायचा की उघडा ठेवायचा?

उघड्या जबड्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. धातूचा जबडा उघडा असला की वारा लागून थंड होतो. त्यावर टोपी घातली की उष्णता आत कोंडते, स्प्रिंगचा दम जातो, पकड सैल होते, सैल पकडीत ठिणग्या उडून जबडा आणखी तापतो. शिवाय रॉड शेवटपर्यंत जाळला की टोपीच पहिल्यांदा जळते, तडकते, गळून पडते. अडचणीच्या जागी टोपीवाला जाडा जबडा घुसत नाही. आणि किंमत. दुकानात आजही ‘फुल नको’ म्हणणारा माणूस हीच कारणं सांगतो, आणि त्यातली निम्मी त्याने स्वतः अनुभवलेली असतात.

दुसऱ्या बाजूची यादी लहान पण जड आहे. उघड्या जबड्याचा होल्डर जॉबवर ठेवला की चर्र होऊन जॉबवर डाग पडतो, म्हणून वेल्डर तो खाली ठेवत नाही. खाली ठेवायचा नाही आणि दोन्ही हात तर हवेत. मग तो होल्डर काखेत धरतो. अर्धा किलोच्या आसपासचं ते यंत्र, ७०-८० व्होल्टचा उघडा धातू, घामट काख, छातीच्या अगदी जवळ. ‘होल्डर काखेत धरू नये’ हा नियम जगभरच्या सुरक्षा पुस्तिकांत पुन्हा पुन्हा छापावा लागला, यावरून सवय किती पक्की आहे ते कळतं. हा दोष वेल्डरच्या माथी मारणं सोपं आहे. पण होल्डर ठेवायला निर्धोक जागा त्या आकारानेच ठेवली नव्हती.

अमेरिकेच्या बांधकाम क्षेत्रासाठी १९७१ मध्ये जे केंद्रीय सुरक्षा नियम आले त्यांनी या वादात एक बाजू घेतली. मुठीतून जाणारा विद्युतवाही भाग तर झाकलेला हवाच, पण ‘जबड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागालाही’ पूर्ण इन्सुलेशन हवं, असं त्यांनी लिहिलं. शिवाय होल्डर सोडून जाताना रॉड काढून ठेवायचा आणि तापलेला होल्डर पाण्यात बुडवायचा नाही. हे शेवटचं कलम वाचून हसू येईल, पण कुणीतरी बादलीत होल्डर बुडवून गार करत असल्याशिवाय असं वाक्य नियमात येत नाही.

इथे ‘पूर्ण’ हा शब्द कागदावर आला, पण पूर्ण म्हणजे किती हे मोजायचं कसं, ते राहिलंच. रॉड घालायला फट तर ठेवावीच लागते. त्या फटीतून आतला धातू दिसतो. मग तो ‘उघडा’ की ‘झाकलेला’?

याचं उत्तर हातात धरायच्या होल्डरांसाठी १९९२ मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने दिलं, आणि माझ्या मते गोंधळ तिथेच पक्का झाला. मानकाने एक व्याख्या न करता दोन प्रकार केले. ‘ए’ प्रकारात कुठल्याही विद्युतवाही भागाला चाचणीचं कृत्रिम बोट पोचता कामा नये. हे बोट म्हणजे १२ मिलिमीटर जाड, ८० मिलिमीटर लांब, सांध्यांत वाकणारं आणि टोकाला निमुळतं होत गेलेलं एक प्रमाणित साधन. विजेच्या इतर उपकरणांनाही तेच लावतात. ‘बी’ प्रकारात होल्डरच्या डोक्यापुरती सूट. तिथे बोटाऐवजी १२.५ मिलिमीटर व्यासाचा गोळा वापरायचा. गोळा धातूपर्यंत पोचला नाही की पास.

१२ आणि १२.५ हे आकडे शेजारी पाहिले की वाटतं फरक तो काय. फरक आकड्यात नाही, आकारात आहे. गोळा गोल. दहा मिलिमीटरच्या फटीवर तो अडतो. बोटाचं निमुळतं टोक त्याच फटीत शिरतं आणि पेर वाकवून बाजूच्या धातूला लागतं. माणसाचं बोट यांपैकी कशासारखं असतं हे सांगायला चाचणीची गरज नाही. ‘बी’च्या समर्थनार्थ असं म्हणता येतं की जाड रॉडला मोठी फट लागते, वेल्डरच्या हातात मोजे असतात आणि मोजा घातलेलं बोट गोळ्यासारखंच बोजड असतं. युक्तिवाद बरा आहे. फक्त तो कोरड्या, न फाटलेल्या मोजाच्या भरवशावर उभा आहे. २००४ आणि २०१० च्या आवृत्त्यांतही हे दोन प्रकार टिकले.

परिणाम असा की ‘बी’ होल्डर मानकात बसतो आणि बाजारात ‘इन्सुलेटेड’ म्हणून विकला जातो. आपल्याकडच्या ‘फुल’ आणि ‘सेमी’ या दुकानी शब्दांचा ‘ए’ आणि ‘बी’शी नेमका मेळ बसत नाही. जबड्यावर वरून-खालून टोपी आहे एवढ्यावर होल्डर ‘फुल’ ठरतो. फटीत बोट जातं का, हे काउंटरवर कुणी करून बघत नाही.

दुसरा रस्ता उपलब्ध नव्हता असंही नाही. मूठ पिळून रॉड आवळणारा होल्डर बराच जुना आहे. त्याला हलणारा जबडा नसतो. डोक्याला भोक असतं, त्यात रॉड घालायचा आणि मूठ फिरवायची. हलणारा भाग बाहेर नसल्याने सगळं डोकं एका टोपीत बंद करता येतं. पकड चांगली, थोटूकही आखूड उरतं. पण रॉड काढायला एका हाताचा खटका पुरत नाही, पिळावं लागतं. स्पॅटर (उडालेले वितळलेल्या धातूचे थेंब) बसून आटे अडकले की वैताग येतो. दिवसाला शेकडो रॉड लावणाऱ्या माणसाने खटका निवडला यात नवल नाही.

पाण्याखालच्या वेल्डिंगमध्ये मात्र हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला गेला. १९३० च्या दशकापासून ते काम होतंय. तिथे होल्डर सगळा झाकलेला असतो. त्याहून महत्त्वाचं, वर होडीवर एक माणूस चाकू-स्विच धरून बसलेला असतो. पाणबुड्याला रॉड बदलायचा असला की तो वर सांगतो, स्विच पडतो, करंट पूर्ण बंद, मग रॉड बदलायचा. रॉड बदलण्याचा क्षण धोक्याचा, हे तिथे मान्य केलं गेलं. जमिनीवरच्या वेल्डरच्या वाट्याला तो स्विच आला नाही. फार उशिरा मशीनच्याच आत ओपन सर्किट व्होल्टेज आपोआप खाली आणणारी सोय आली. ती असेल तर जबड्याचा वाद बराचसा निवतो. पण ती असलेली मशीनं आणि पत्र्याच्या शेडमधली तेलात बुडवलेली जुनी ट्रान्सफॉर्मर मशीनं यांत अंतर आहे. कोकणातल्या पावसात ग्रिलचं काम करणाऱ्याच्या हाती बहुधा दुसरीच असतात. दमट किंवा कोंदट धोक्याच्या जागी एसी ओपन सर्किट व्होल्टेज ४८ च्या वर नसावं असं मशीनविषयीचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. त्या शेडला हे कुणी सांगितलेलं नसतं.

अँपबद्दल थोडं. होल्डरवरचा ४०० हा आकडा एकटा निरर्थक आहे. त्याच्यासोबत ‘ड्यूटी सायकल’ हवी, म्हणजे वेळेच्या किती टक्के करंट वाहतो ते. तापणं करंटच्या वर्गावर (करंट गुणिले करंट) अवलंबून असतं. ३५ टक्क्यांवर ४०० अँपचा होल्डर ६० टक्क्यांवर सुमारे ३०५ अँपचा आणि सतत चालवला तर सुमारे २३७ अँपचा उरतो. तोच पितळेचा तुकडा, तोच जबडा. छापताना कोणता आकडा निवडायचा हे विकणाऱ्यावर. आंतरराष्ट्रीय मानक ६० टक्के धरतं आणि सोबत रॉडच्या जाडीची व केबलच्या छेदाची हद्दही बांधून देतं. आपल्याकडचे बरेच होल्डर नुसता आकडा मिरवतात. मग बारीक केबल, मुठीतला ढिला स्क्रू आणि ‘चारशेचा असून तापतो कसा’ ही तक्रार. तापणारा होल्डर गार व्हावा म्हणून वेल्डर टोपी काढून टाकतो, आणि फुल इन्सुलेटेड होल्डर दोन महिन्यांत सेमी होतो.

टोप्या सुट्या मिळतात. वरची आणि खालची, स्क्रूसकट, होल्डरच्या किमतीच्या मानाने किरकोळ. दुकानदार सांगतात त्या फारशा खपत नाहीत. टोपी तडकली की होल्डर तसाच चालवतात, आणि स्प्रिंग गेली की सगळाच नवा घेतात.