आरएफसी आणि स्टँडर्ड: नंबर मिळाला म्हणजे झालं काय?

खानापूरच्या एका सोसायटीचं काम होतं, ऐन जुलै, बाहेर पाऊस धो धो, लाईट सारखी जायलेली आणि आत मी राऊटरसमोर बसलेलो. हेडऑफिस बेळगावात, ब्रँच खानापुरात, मधी व्हीपीएन जोडायचं, म्हणजे इंटरनेटवरूनच दोन ऑफिसांमधी एक खाजगी, बंद वाट. ब्रँचचा छोटा बॉक्स, म्हणजे राऊटर, एका कंपनीचा, बेळगावातला मोठा दुसऱ्या कंपनीचा. लॉगमध्ये पहिला टप्पा पूर्ण झाल्याची ओळ यायची, मग युझरनेम-पासवर्डची वेळ आली की दोघंही गप्प, थोड्या वेळानं टाईमआऊट आणि परत पहिल्यापासून. काउंटरसमोर पिग्मी एजंट ओल्या छत्र्या घेऊन उभे, दिवसभर गोळा केलेले पैसे भरायचे होते त्यांना.

बॉक्स देणाऱ्याच्या कोटेशनमध्ये लिहिलेलं, सगळं "आरएफसी प्रमाणे स्टँडर्ड". चेअरमन काकांनी तो कागद माझ्यासमोर धरला. "अरे, आरएफसी म्हणून लिहिलंय की यात. म्हणजे स्टँडर्डच की न्हवं?"

मी म्हटलो, "काका, तिथंच घोळ हाय."

हा घोळ फक्त काकांचा नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बघितलाय, टेंडरच्या कागदात बघितलाय, आणि दहा-दहा वर्षं नेटवर्कमध्ये काढलेल्यांच्या तोंडून ऐकलाय. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आरएफसी म्हणजे प्रकाशित झालेला, नंबर मिळालेला एक कागद, बास. पूर्ण नाव रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स, म्हणजे "तुमचं मत कळवा". पहिली आरएफसी ७ एप्रिल १९६९ ची, स्टीव्ह क्रॉकर नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरानं लिहिलेली, आणि नाव मुद्दाम असं नम्र ठेवलं कारण हा कुणाचा हुकूम आहे असं कुणाला वाटू नये. तेव्हापासून आजपर्यंत नऊ हजारांच्या वर आरएफसी निघाल्यात. त्यातल्या काही स्टँडर्ड आहेत, काही नुसती माहिती, काही प्रयोग, काही जुन्या होऊन इतिहासजमा झालेल्या. सगळ्यांचा नंबर एकाच ओळीतला, दिसायलाही सगळ्या सारख्याच, म्हणून लोक फसतात. एक आरएफसी तर कबुतराच्या पायाला कागद बांधून इंटरनेटचा डेटा कसा पाठवायचा यावर आहे, नंबर ११४९, तारीख १ एप्रिल १९९०. तिलाही तसाच नंबर आहे बघा. हा गैरसमज इतका जुना आहे की १९९५ साली खुद्द एक आरएफसीच काढावी लागली, १७९६ नंबरची, आणि तिचं शीर्षकच "सगळ्या आरएफसी स्टँडर्ड नसतात" असं.

स्टँडर्ड हा त्या कागदाला मिळालेला दर्जा आहे. कागद वेगळा, दर्जा वेगळा. जन्माच्या दाखल्यावर नंबर असतो आणि डिग्रीच्या सर्टिफिकेटवर पण असतो, म्हणून जन्माचा दाखला दाखवून कुणी इंजिनिअर होत नाही, तसं.

आता हा दर्जा मिळतो कसा ते बघा, कारण खरी गंमत तिथं आहे आणि मला हे सगळ्यात जास्त आवडतं.

इंटरनेटची ही स्टँडर्ड ठरवणारी संस्था आयईटीएफ, पहिली बैठक जानेवारी १९८६ ला सॅन दिएगोत, २१ माणसं होती. तिथं मेंबरशिप नाही, फी भरून मत विकत घेता येत नाही, तुम्ही कंपनीचे म्हणून न्हवे तर माणूस म्हणून बोलायचं, निदान नियम तरी तसा आहे. कुणीही ड्राफ्ट लिहून टाकू शकतो, उद्या तुम्ही वडगावात बसून टाकलात तरी चालतं. पण तो ड्राफ्ट सहा महिन्यांत नवा केला नाही तर त्याची मुदत संपते. तो नुसता "काम चालू आहे" म्हणायचा कागद, त्याचा आधार घेऊ नका असं त्याच्यावरच छापलेलं असतं. ड्राफ्टमध्ये दम वाटला की एखादा वर्किंग ग्रुप तो हातात घेतो, मग चर्चा, दुरुस्त्या, परत चर्चा. आत्ता बँकेचं पान उघडताना जे कुलूप दिसतं त्याच्या मागचं टीएलएस १.३, त्याचे २८ ड्राफ्ट झाले, मग ऑगस्ट २०१८ मध्ये ८४४६ नंबर मिळाला.

आणि चर्चेत मतदान नाही. हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. पण आपल्या गावात बघा, लक्ष्मी यात्रा ठरवायला देवळात पंच आणि गावकरी बसतात, तेव्हा कुठं मतपेटी असते? पंच विचारतात, "ह्या मार्गानं गाडा न्यायचा, कुणाची काय हरकत?" शंभर जण हो म्हणतात, आणि कोपऱ्यातला एक म्हातारा उठून म्हणतो, "त्या वळणावर यंदा लाईटची तार खाली आलीया, गाड्याचा कळस अडकतोय." झालं, शंभर हो बाजूला, आधी तारेचं काय ते बोला. पण तोच म्हातारा नुसतं "मला पसंत न्हाई" म्हणाला असता तर त्याचं ऐकून घेतलं असतं आणि बैठक पुढं गेली असती. आयईटीएफमध्ये अगदी हेच चालतं, नाव "रफ कन्सेन्सस". २०१४ ची ७२८२ नंबरची आरएफसी यावरच आहे, शंभर बाजूनं आणि पाच विरोधात असतील तरी एकमत झालं असं म्हणता येत नाही, त्या पाचांचा तांत्रिक मुद्दा खरा असेल तर. बैठकीत हात वर करण्याऐवजी तोंड मिटून "हूं" असा आवाज काढायची पद्धत आहे, आवाजाचा अंदाज घ्यायचा, डोकी मोजायची नाहीत. इंटरनेट उभारणाऱ्या जुन्या मंडळींपैकी डेव्हिड क्लार्क १९९२ साली म्हणालेले, आम्ही राजे, अध्यक्ष आणि मतदान मानत नाही, आम्ही मानतो ढोबळ एकमत आणि चालणारा कोड.

ग्रुपचं झालं की सगळ्यांसाठी शेवटची हाक, दोन आठवडे, आणि ड्राफ्ट कुठल्या ग्रुपचा नसून एकट्याचा असेल तर चार आठवडे. मग आयईएसजी नावाची वरची मंडळी तपासतात, त्यातल्या एकानं जरी गंभीर मुद्दा काढला तरी तो सुटेपर्यंत कागद थांबतो. सुटलं की नंबर मिळतो आणि दर्जा मिळतो "प्रपोज्ड स्टँडर्ड". एकदा छापलेली आरएफसी कधी बदलत नाही, चूक निघाली तर वेगळी नोंद होते, नाहीतर नवीन आरएफसी येऊन जुनीला बाद करते.

प्रपोज्ड ही पहिली पायरी. पूर्वी तीन पायऱ्या होत्या, २०११ पासून दोनच, प्रपोज्ड आणि वरची इंटरनेट स्टँडर्ड. वरच्या पायरीला नुसता चांगला कागद चालत नाही. निदान दोन वेगवेगळ्या लोकांनी तो कागद वाचून स्वतंत्रपणे वस्तू बनवलेली पाहिजे, त्या वस्तू एकमेकांशी बोलल्या पाहिजेत, आणि जगात भरपूर वापर झालेला पाहिजे. म्हणजे लोकांनी वापरून दाखवल्याशिवाय वरचा शिक्का नाही. आयपीव्ही६ चंच बघा, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, डिसेंबर १९९८ ला २४६० नंबर मिळाला, आणि पूर्ण इंटरनेट स्टँडर्ड झालं जुलै २०१७ ला, ८२०० नंबरनं. तोवर तेव्हा जन्मलेलं पोरगं कॉलेजात गेलेलं.

पण उलटी चूकही करू नका. प्रपोज्ड म्हणजे कच्चं, असं नाही. वर सांगितलेलं टीएलएस ८४४६ नंबरनं आलं ते प्रपोज्डच होतं, आणि जगभरच्या बँका त्याच्यावर चालल्या. बऱ्याच गोष्टी वरची पायरी चढायच्या भानगडीतच पडत नाहीत, कारण त्यासाठी वेळ काढून परत कागदपत्र करणारा कुणीतरी लागतो.

कागदावर ठरलं आणि लोकांनी घेतलं यातलं अंतर मराठी माणसाला तर रोज दिसतं. ईमेलचा पत्ता देवनागरीत असू शकतो, ६५३१ नंबरची आरएफसी फेब्रुवारी २०१२ ची आहे, स्टँडर्ड्स ट्रॅकवरची, म्हणजे वर सांगितलेल्या पायऱ्यांच्या वाटेवरची, दर्जाही आहे. शेवटी टिंब भारत असलेले देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतात, कन्नड लिपीतलंही नंतर आलं. आणि तरी कुठल्याही ऑनलाईन फॉर्मवर असा पत्ता टाकून बघा, बहुतेक वेळा "अवैध ईमेल" म्हणून लाल ओळ येते. मी स्वतः गेल्या वर्षी एका फॉर्मवर टाकलो, तीनदा. आपल्या अक्षरांना जागा ठरवून दिलेली असताना फॉर्म बनवणारा ती देत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

तर खानापूरचा बॉक्स का अडला? व्हीपीएन जोडताना दोन बॉक्स एकमेकांची ओळख पटवून किल्ल्या ठरवतात, त्या पद्धतीचं नाव आयकेई. दोन्ही बॉक्स तिच्या जुन्या आवृत्ती १ वर होते, २४०९ नंबरची आरएफसी, १९९८ ची. तिथपर्यंत ठीक, म्हणून लॉगमध्ये पहिला टप्पा पूर्ण दिसायचा. पण युझरनेम-पासवर्ड विचारायचा जो भाग, एक्सऑथ, तो आरएफसी कधी झालाच नाही! तो नुसता ड्राफ्ट होता, मुदत संपलेला, आणि तरी कंपन्यांनी आपापल्या परीनं बॉक्समध्ये घातला, एकानं एका आवृत्तीवरून, दुसऱ्यानं दुसऱ्या. कोटेशनमधलं "आरएफसी प्रमाणे" वाक्य अर्ध्या भागाला खरं होतं आणि अडलं नेमकं उरलेल्या अर्ध्यात. काकांना मी हेच सांगितलो, ह्यो गाडा तारंला अडकलाय, आणि तार कुठल्याच नकाशावर न्हाई.

मग दोन्हीकडं फर्मवेअर, म्हणजे बॉक्सच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून आयकेई आवृत्ती २ लावलं. ते ७२९६ नंबरचं, ऑक्टोबर २०१४ चं, पूर्ण इंटरनेट स्टँडर्ड, आणि त्यात युझरनेम-पासवर्डची सोय आरएफसीतच लिहिलेली आहे, बाहेरून जोडायला लागत नाही. रात्री आठला लाईट आली, पहिल्या झटक्यात जोडलं. जुनी आवृत्ती १ पुढं एप्रिल २०२३ मध्ये अधिकृतपणे इतिहासजमा केली, ९३९५ नंबरनं, तर कुणाकडं अजून चालू असेल तर बदलून घ्या.

कोटेशन हातात आलं तर काय बघायचं ते सांगतो. आधी नंबर मागा, नंबर दिला नाही तर तिथंच थांबा. ड्राफ्टचं नाव दिलं तर तारीख बघा, सहा महिने उलटलेत काय आणि पुढं त्याची आरएफसी झाली काय. नंबर दिला तर पहिल्या पानावर डावीकडं वर कॅटेगरी लिहिलेली असते, तिथं स्टँडर्ड्स ट्रॅक आहे की इन्फर्मेशनल की एक्सपेरिमेंटल. एसटीडी म्हणून वेगळा नंबर छापलेला असेल तर ती वरच्या पायरीची. पण दर्जा नंतरही बदलतो आणि छापलेलं पान तेच राहतं, म्हणून आरएफसी छापणाऱ्या आरएफसी एडिटरच्या साईटवर तो नंबर टाकून आजचा दर्जा बघा, आणि नवीन कुठल्या आरएफसीनं तिला बाद केलंय काय तेही तिथंच दिसतं. दोन मिनिटं लागतात.

काकांनी दुसऱ्या दिवशी माझ्याकडून ७२९६ चं पहिलं पान प्रिंट करून घेतलं, एसटीडी ७९ खाली पेनानं रेघ मारली आणि सोसायटीच्या फायलीत त्या जुन्या कोटेशनच्या वर लावून टाकलं.