पाहुणा संचालक फक्त काठी हलवायला येत नाही

सांगली-मिरजेच्या रसिकांत एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो: सिंफनी वाद्यवृंदाचा, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदाचा, बाहेरून बोलावलेला पाहुणा संचालक (कंडक्टर) कार्यक्रमाच्या संध्याकाळी येतो, काठी हलवतो आणि मानधन घेऊन जातो, वादक त्याच्याविनाही तेच वाजवतील. हा समज चुकीचा आहे, पण तो आपल्याकडे का रुजला हे मी समजू शकतो. मिरजेच्या दर्ग्यात थोर गायक अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभेत गायक आणि तबलजी कित्येकदा थेट मंचावरच भेटतात, तरीही मैफल रंगते, कारण राग-तालाची चौकट दोघांच्याही अंगात मुरलेली असते.

सिंफनीत सत्तर-ऐंशी वादक लिहिलेले संगीत वाजवतात. मात्र लय नेमकी किती ठेवायची, पितळी वाद्यांनी किती दबून वाजवायचे, हे कागदावर पूर्ण उतरत नाही. म्हणूनच पाहुणा संचालक सहसा काही दिवस आधी येऊन तालमी घेतो. दोन ओळी झाल्या की तो थांबवतो, व्हायोलिनवादकांना गजाची दिशा बदलायला सांगतो, आणि ते ती खूण पेन्सिलीने स्वरलिपीवर करून ठेवतात. खरे काम तिथेच होते.

१४ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये पाहुणे संचालक ब्रुनो वॉल्टर आजारी पडले आणि साहाय्यक संचालक लिओनार्ड बर्नस्टाईन तालमीविना संचालनाला उभे राहिले, हा तालमी लागतच नाहीत म्हणून दिला जाणारा दाखला खराच आहे; पण वाद्यवृंदाची तयारी वॉल्टर यांनी आधीच करून घेतली होती, आणि त्या सकाळी आजारपणातही त्यांनी बर्नस्टाईन यांना स्वरलिपीतल्या अवघड जागा समजावून दिल्या होत्या.