मुंबईतल्या ज्यू आणि युरोपीय मैफिलींची पार्श्वभूमी

मुंबईत जर्मन सिनेमाचा खेळ असो, युरोपीय चित्रांचं प्रदर्शन असो की कुणा परदेशी लेखकाचं भाषण, पत्ता बहुतेक वेळा काळा घोड्याचाच निघतो. मॅक्सम्युलर भवन हे जर्मन सांस्कृतिक केंद्र, जहांगीर आर्ट गॅलरी, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, हे सगळं चार पावलांवर आहे. त्यामुळे हा सारा प्रकार वकिलातींनी आणलेला, साहेबी, फोर्टातला, असा समज रूढ झाला. तो खरा नाही. यातला सर्वांत जुना धागा मराठी आहे, आणि तो शोधायला फोर्ट सोडून मांडवीत जावं लागतं.

मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली शहरातलं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. बांधणारा सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजांच्या पलटणीतला बेने इस्रायल अधिकारी. टिपूच्या कैदेतून सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस त्याने केला होता, असं सांगतात. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ‘शनवार तेली’. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. आडनावं दिवेकर, केहीमकर, किल्लेकर अशी गावांवरून पडलेली आणि घरात बोली मराठीच. सिनेगॉगलाही ते मशीदच म्हणत.

या समाजाने १८८० साली मुंबईत एक नामी गोष्ट केली. त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं चक्क कीर्तनात लावली. हिब्रू प्रार्थना बहुतेकांना पाठ होत्या, पण अर्थ कळणारे थोडे. त्याआधी अर्धशतक जॉन विल्सनसारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी या मुलांना शाळांतून हिब्रू शिकवलं होतं आणि बायबल मराठीत आलं होतं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. तो बहुतांशी फसला, पण मराठी बायबल हाती राहिलं. पुढचं काम साकी, दिंडी आणि आर्या या वृत्तांनी केलं. योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं आणि मग व्यापाऱ्यांना विकलं, हा प्रसंग साकीत ऐकणाऱ्या श्रोत्याला मिसर देश लांबचा वाटत नसणार. त्याच साली पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. मराठी कान संगीताला सोकावलेले होते, आणि त्या हवेत बेने इस्रायल वेगळे पडले नाहीत. ज्यू विषयावरचा जाहीर कार्यक्रम म्हणावा असं या शहरात जे पहिल्यांदा रुजलं, ते हे कीर्तन.

फोर्टातली गोष्ट निराळी. डेव्हिड ससून हा ज्यू व्यापारी बगदादहून १८३० च्या दशकात मुंबईत आला आणि कापूस व अफूच्या व्यापारात गब्बर झाला. (काळा घोड्याच्या सौंदर्यावर लिहिताना अफूचा उल्लेख टाळायची चाल आहे. मला ती पटत नाही.) सरकारी टांकसाळ आणि गोदीतल्या कारागिरांनी १८४७ मध्ये यंत्रांचे नमुने, पुस्तकं आणि व्याख्यानं यांसाठी एक संस्था काढली होती. ससूनने तिला ६०,००० रुपयांची देणगी दिली. मालाडच्या पिवळसर दगडातली तिची इमारत १८७० मध्ये पुरी झाली. तेच आजचं ग्रंथालय. आत शिरताच दात्याचा संगमरवरी पुतळा दिसतो, अंगावर बगदादी पेहराव. व्याख्यानांसाठी एवढे पैसे देणाऱ्या या माणसाला स्वतःला इंग्रजी येत नव्हतं, असं म्हणतात. त्याचा मुलगा अल्बर्ट याने युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा दिला, तो १८७९ मध्ये बसला आणि त्यानेच परिसराला नाव मिळालं. पुतळा १९६५ मध्ये हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. नाव मात्र जागचं हललं नाही. केनेसेथ एलियाहू १८८४ सालचं, तेही ससून घराण्याचंच.

बगदादी ज्यू मात्र बेने इस्रायलांना आपल्या बरोबरीचे मानत नसत, त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेत. त्यामुळे एकाच धर्माचे दोन जमाव या शहरात पाठ फिरवून नांदले. एक मराठी कीर्तनात, दुसरा इंग्रजी क्लबात.

तिसरा जमाव पैसा घेऊन आला नाही. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि बर्लिन, व्हिएन्ना, प्राग इथली माणसं बोटींनी मुंबईला उतरू लागली. त्यांच्या मदतीला १९३४ मध्ये ज्युइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. त्याच वर्षी वॉल्टर कॉफमन हा संगीतकार आला. त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल असे. पियानोवर कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. पुढे कॉफमन आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताचा प्रमुख झाला. पहाटे रेडिओ लावल्यावर वाजणारी ती ओळखीची धून त्याच्या नावावर आहे. शिवरंजनीच्या वळणाची ती धून कोणी केली हे महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी विचारलंही नाही.

हिल्डे होल्गर ही नर्तकी १९३९ मध्ये व्हिएन्नाहून निसटली आणि दोन वर्षांत तिने मुंबईत नृत्याची शाळा काढली. बर्लिनमध्ये साहित्य साप्ताहिक गाजवलेला विली हास इथे सिनेमाच्या पटकथा लिहीत होता. युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन पासपोर्टवाल्यांना ‘शत्रूदेशाचे नागरिक’ ठरवून पकडलं. हिटलरपासून पळालेले ज्यूही त्यात आले आणि नाझींच्या बरोबरीने अहमदनगरच्या छावणीत डांबले गेले. चौकशीनंतर बरेचजण सुटले.

चित्रकलेवर या मंडळींचा ठसा सर्वांत खोल उमटला. वॉल्टर लँगहॅमर १९३८ मध्ये पत्नी केटसह व्हिएन्नाहून आला. तो स्वतः ज्यू नव्हता, ती होती. तो टाइम्स ऑफ इंडियाचा कलासंचालक झाला. रुडॉल्फ फॉन लायडन भूगर्भशास्त्र शिकलेला, पण इथे कलासमीक्षक म्हणून नावाजला. इमॅन्युएल श्लेसिंगरने औषधांचा कारखाना काढला आणि तो चित्रं विकत घेऊ लागला. शिकवणारा, लिहिणारा आणि विकत घेणारा, नव्या चित्रकाराला हे तिघंही लागतात, आणि ते एकदमच मिळाले. नेपियन सी रोडवर लँगहॅमरच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत, युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रती बघत, रंगांवर वाद घालत. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला, त्यामागे ही बैठक होती. श्रेय सगळं परदेश्यांना देऊ नये. सूझाचा बंडखोरपणा कुणी शिकवलेला नव्हता. पण अपरिचित चित्राला भिंत आणि गिऱ्हाईक मिळालं ते या निर्वासितांमुळे.

स्वातंत्र्यानंतर यातले बरेचजण निघून गेले. कॉफमन १९४६ मध्येच, होल्गर १९४८ मध्ये. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उघडली. त्याच वर्षी व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन नेहरूंच्या निमंत्रणावरून दौऱ्यावर आला. पुण्याहून मुंबईला येऊन त्याला भेटलेल्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांना म्हणे पाचच मिनिटं दिली होती. भेट कितीतरी लांबली आणि अय्यंगारांना युरोपचं दार उघडलं. व्यक्तींच्या घरची बैठक मग संस्थांकडे गेली. मॅक्सम्युलर भवनासारख्यांनी वर्षाचं कार्यक्रमपत्रक आणि अनुदान आणलं. कवी निसिम इझिकेल, मूळचे बेने इस्रायल, न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमधल्या पेन या लेखकांच्या संस्थेच्या कार्यालयातून कवींच्या पिढ्या घडवत राहिले. इंग्रजीत लिहिणाऱ्या या माणसाने इंदिरा संतांच्या कवितांचे अनुवादही केले.

इस्रायलची वाणिज्य वकिलात मुंबईत १९५० च्या दशकापासून होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ चे. दोन वर्षांत झुबिन मेहता इस्रायल फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद घेऊन आले. काळा घोडा महोत्सव १९९९ मध्ये सुरू झाला आणि ससून ग्रंथालयाच्या मागची बाग भाषणांची जागा झाली. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाउस हे ज्यूंचं केंद्र लक्ष्य झालं. तेव्हापासून सिनेगॉगच्या दाराशी पोलीस असतात आणि आत जायला ओळखपत्र दाखवावं लागतं. केनेसेथ एलियाहूची डागडुजी होऊन ते २०१९ मध्ये पुन्हा उघडलं, आणि आता तिथे प्रार्थना करणाऱ्यांपेक्षा बघायला येणारेच जास्त.

कीर्तनाचं काय झालं? १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, कीर्तनही गेलं. आता ते जास्त करून बायकाच करतात, इथेही आणि तिथेही. मुंबईत राहिलेली बरीचशी कुटुंबं जागेच्या भावामुळे उपनगरांत आणि ठाण्याला सरकली. तेव्हा ज्यू संस्कृतीवरचं भाषण ऐकायचं असेल तर काळा घोडा ठीक आहे. ज्यू माणसांनीच भरलेला सणाचा कार्यक्रम बघायचा, तर ठाण्याची गाडी पकडलेली बरी.